दहापैकी चार

उमाठे मास्तर माझ्या पत्रकांना गुण द्यायचा. आम्ही पांढुर्ण्यात पत्रक छापायचो, त्यातलं एक सौंसरला त्याच्या हाती पडायचं, आणि दोन दिवसांत ते परत यायचं. समासात लाल पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘पुरावा?’, ‘किती म्हणजे किती?’, ‘हे कोणी पाहिलं?’, आणि तळाशी गोल करून दहापैकी दोन. एकदा तीन मिळाले होते, तारीख बरोबर आहे म्हणून. बसचा कंडक्टर भर स्टँडवर खिडकीतून हात बाहेर काढून ओरडायचा, “ये गा पुढारी, घे तुहा पेपर! नापास झाला पाह्य!” चहाच्या टपरीवरचे सगळे हसायचे. त्या माणसाचा द्वेष मी तिथून सुरू केला, आणि तो आता संपला आहे असं हे लिहिताना मला वाटत नाही.

तो सौंसरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. मलाही त्यानंच शिकवलं, किंवा शिकवायचा प्रयत्न केला. समोर मी त्याला नेहमी सर म्हटलं, अहो-जाहो केलं. लिहिताना तेवढं माझ्याकडून होणार नाही. बुटका माणूस. सदऱ्याला पोटावर ॲसिडने पाडलेली भोकं, बोटांची टोकं कायमची तपकिरी, आणि खिशात सेकंदकाट्याचं घड्याळ. संत्रं खायला बसला की फोडीवरचा पांढरा धागा न् धागा काढल्याशिवाय ती तोंडात टाकायचा नाही. तोवर समोरचा माणूस प्रश्न विचारून उभा. पूर्वी काही वर्षं तो नागपूरला औषधं तपासायच्या प्रयोगशाळेत होता. तिथून का आलात, असं कोणी विचारलं की म्हणायचा, “तिथल्या सायबाले उत्तर पह्यले पाह्यजे होतं अन् प्रयोग मंग. मले उलटं जमते.”

राज्यं नव्याने आखली जाणार हे ठरलं तेव्हा आम्ही पोरं सायकली घेऊन गावोगाव फिरत होतो. सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख मराठी आहे, तो मराठी राज्यात गेला पाहिजे, एवढंच आमचं म्हणणं. निवेदनावर सह्या घेत होतो. मोहगावच्या म्हाताऱ्यांनी अंगठे दिले, बायांनी दिले, सौंसरच्या व्यापाऱ्यांनी दिले. मास्तरने निवेदन वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाला, “हे ‘शंभर टक्के मराठी’ कोणं लिहिलं?”

“मी लिहिलं, सर.”

“डोंगराकडल्या गोंडाले विचारलं?”

“ते थोडेच आहेत.”

“मंग शंभर कसे झाले बे? शंभर टक्के शुद्ध त दुकानातलं मीठबी नसते. नव्व्याण्णव लिही, आत्ता सही करतो. पेन काढून बसलो पाह्य.”

मी कागद हिसकावला आणि निघालो. एका टक्क्यासाठी या माणसाने आपल्या मातृभाषेला सही नाकारली, असं मी पुढच्या पत्रकात नाव न घेता छापलं. ते परत आलं. ‘नाव लिहायला भिऊ नये. १/१०.’

आम्ही हरलो हे सगळ्यांना माहीत आहे. नागपूर मराठी मुलखाबरोबर तिकडे गेलं, आम्ही इकडे भोपाळच्या राज्यात राहिलो. सकाळी बसमध्ये बसून दुपारी परत यायचं ते नागपूर परराज्य झालं. नवे अंमलदार आले, नवे अर्ज आले, आणि पांढुर्ण्याच्या गुरांच्या दवाखान्यात दुबे नावाचा नवा कंपाउंडर आला. जबलपूरकडचा होता. बायको, दोन मुली, एक सायकल. गुरांचे डॉक्टर महिन्यातून एखाद्या वेळी यायचे, बाकी दवाखाना दुबेच चालवायचा. शेतकऱ्यांशी तो मोडकं मराठी बोलायचा आणि बैलांशी हिंदी. तो इथला नव्हता, यापलीकडे त्याचा काही गुन्हा नव्हता, हे मी आज लिहू शकतो. तेव्हा मला तो गुन्हा पुरेसा वाटत होता.

त्या पावसाळ्यात जंतांवरची भुकटी बदलली. आधी ती नागपूरहून यायची, फिकट पिवळी. आता भोपाळहून डबे येऊ लागले आणि आतली भुकटी हिरवट निघाली. लोक कुरकुर करू लागले, की हे औषध नाही, काहीतरी कालवलं आहे. पोळा तोंडावर. ज्या सणाला बैल सजवून मिरवायचे त्याच्या आधीच बैल खंगत आहेत म्हटल्यावर आमच्याकडे कोण गप्प बसेल? मी पुडीभर भुकटी घेतली आणि सौंसरला मास्तरकडे गेलो. जायला नको वाटत होतं. पण दोन्ही तालुक्यांत ते तपासू शकणारा तेवढा एकच माणूस होता.

तेव्हा मला कळलं की तो हे आधीपासूनच करत होता, कोणी न सांगता. शाळेच्या प्रयोगशाळेत एका लाकडी घोडीवर परीक्षानळ्या ओळीने लावलेल्या, प्रत्येकीत त्याच भुकटीची चिमूट, आणि प्रत्येकीत गंधकाम्ल वेगळ्या जोराचं. पहिली नळी रक्तासारखी लाल. मग लाली उतरत उतरत शेवटच्या नळ्या पाण्यासारख्या. वहीत रकाने, आणि रकान्यांत मिनिटं-सेकंद.

“फिनोथायाझिन म्हणते याले,” तो म्हणाला. “पण हा लाल रंग त्याचा नोहे. रेणूमधून ॲसिडानं एक इलेक्ट्रॉन काढून नेला. जोडी मोडली. मंग जो एकटा राह्यला त्याले म्हणते मूलक. रंग त्या एकट्याले चढते. कडक ॲसिडात त्याले कोणी छेडत नाही, शाळा सुटेपर्यंत लाल राह्यते. पाणी भेटलं का गेला.”

“म्हणजे लाल झालं तर औषध खरं?”

“अबे, थांब. रंग कोणालेबी चढते. टिकला किती, अन् कशात टिकला, थे सांग.” हे त्याचं पेटंट वाक्य. वर्गात कोणी हुशारी दाखवली तरी हेच, गावात कोणी पुढारी भाषण करून गेला तरी हेच. “नागपूरचा जुना डबा कोणापाशी असंल त घेऊन ये. दोन्ही भुकट्या बाजूबाजूला लावू, एकाच बाटलीतलं ॲसिड, एकच घड्याळ. आठ दिवस दे मले.”

“आठ दिवसांत पोळा होऊन जाईल, सर.”

“मंग होऊ दे. जंत काय पोळा पाहून राह्यले?”

माझ्या डोक्यात तेवढंच राहिलं जेवढं मला हवं होतं. गंधकाम्लात लाल झालं तर खरं, नाही झालं तर खोटं. पांढुर्ण्याला परतलो आणि मोटार दुरुस्तीच्या दुकानातून बाटलीभर गंधकाम्ल आणलं. बॅटरीत घालतात ते. गंधकाम्ल ते गंधकाम्ल, त्यात काय बघायचं?

पोळ्याच्या आधीचा बाजार गच्च भरला होता. बैलांचे गोंडे, झुली, रंग, शिंगांना लावायची बेगड. मी एका बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, चढलो आणि काचेचा पेला उंच धरला. आधी सांगितलं काय होणार ते. मग दुबेच्या डब्यातली भुकटी टाकली, वरून ॲसिड ओतलं. गुलाबी झाक आली. मला धसका बसला, वाटलं आता लाल होतंय. पण लोकांचे डोळे पेल्याकडे लागतात न लागतात तोच ती विरली, आणि उरलं गढूळ पाणी.

“गेला! गेला रे रंग!”

“चुना आहे लेकाचा!”

“आमच्या बैलाले माती चारून राह्यले भोपाळवाले!”

पुढचं मी नीट आखलं नव्हतं, पण थांबवलंही नाही. गर्दी दवाखान्याकडे वळली. दुबे बाहेर आला, हात जोडलेले. “भैया, जो डिब्बे में आता है, हम तो वही देते हैं. सील हम खुद थोड़ी लगाते हैं?” गोटमारीच्या जत्रेत जाम नदीत उभं राहून पलीकडल्या सावरगावकरांवर वर्षानुवर्षं गोटे भिरकावलेल्या हातांना दवाखान्याचं दार ते काय लांब. एकच दगड आला. कपाळाला लागला. मागून एक म्हातारा ओरडला, “अबे, गोटमार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते, आज कायची लावली?” लोक हसले आणि त्या हसण्यानेच पांगले. दुबे पायरीवर बसला होता. त्याची धाकटी मुलगी फडक्याने त्याचं कपाळ पुसत होती.

‘भोपाळची भुकटी की भुईची माती?’ हे पत्रक दुसऱ्या दिवशी निघालं. त्यात दुबेचं नाव होतं. नाव लिहायला भिऊ नये, असं मला शिकवलं गेलं होतं. दोन दिवसांत दुबे निलंबित झाला आणि चौकशी लागली.

ते पत्रक तपासून परत आलं नाही. त्याऐवजी मास्तर स्वतः आला. छापखान्यात मी खिळे जुळवणाऱ्याच्या शेजारी बसलो होतो. तो दारात उभा. काखेत झोळी, झोळीत फडक्यांच्या घड्यांत गुंडाळलेली बाटली. श्रावणात ॲसिडही हवेतलं पाणी पितं म्हणून तो तिचं बूच मेणाने बंद करून ठेवायचा. त्याने टेबलावरचे कागद बाजूला सारले, दुबेच्या डब्यातली भुकटी नळीत टाकली, ॲसिड सोडलं. लाल. शेजारी दुसरी नळी, नागपूरच्या जुन्या डब्यातली. तीही लाल. घड्याळ टेबलावर ठेवलं आणि स्टुलावर बसला.

किती वेळ आम्ही बसलो ते त्यालाच ठाऊक. त्याला नक्कीच ठाऊक होतं. दोन्ही नळ्या लालच्या लाल.

“हिरवी आहे ना भोपाळची?” मी म्हणालो.

“डबा प्रवासात जास्त दिवस राह्यला. उजेड अन् हवा लागली का वरून हिरवी होते. आत औषध आहे. तू ॲसिड कोणतं घेतलं?”

“गंधकाम्लच.”

“कुठलं?”

“...मोटारीच्या बॅटरीचं.”

त्याने चष्मा काढला. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. शिवीला उत्तर देता येतं. तो नुसता म्हणाला, “त्यात अर्ध्याच्या वर पाणी असते, बुद्धू. त्या बिचाऱ्या मूलकानं त्यात राहावं कसं? तू दहावीले हे लिहिलं होतं, बरोबर लिहिलं होतं. मी गुण देल्ले होते.”

मी चळवळीचं सांगितलं. आता माघार घेतली तर इकडचे लोक आम्हाला हसतील, तिकडचे विचारणार नाहीत, पुन्हा कोणी सही देणार नाही. हे मी मनापासून बोललो आणि ते खोटंही नव्हतं.

“चळवळ माह्याबी घरची आहे,” तो म्हणाला. “पण माणूस निलंबित आहे. दोन पोरी आहे त्याले. चौकशीत मी लिहून देल्लं, पण सायेब म्हणते, मास्तर, लोकांनं डोळ्यानं पाह्यलं आहे. त आता लोकायले डोळ्यानंच दाखवा लागंल. त्याच बाजारात, त्याच बंडीवर, तूच. मी नाही येत. मी केलं त मास्तरचा जादूचा खेळ होते.”

“पोळा होऊ द्या.”

“बरं.”

पोळा झाला. मी म्हणालो, गोटमार होऊ द्या. गोटमार झाली. मग मी म्हणालो, पावसाची उघडीप पडू द्या. सौंसरच्या बसने रोज एक कोरा कागद येऊ लागला. त्यावर लाल पेन्सिलीने एकच शब्द, ‘उत्तर?’ कंडक्टरने हसणं सोडलं होतं. नुसता कागद हातात द्यायचा. ते जास्त वाईट होतं.

शेवटी मी पत्रक काढलं. बाजारात जायची गरज नाही, छापील शब्द पुरे, असं माझं मत. लिहिलं, ‘मागील पत्रकातील विधान कदाचित चुकीच्या माहितीवर आधारलेले असावे.’ हे वाक्य जुळवायला मला तीन दिवस लागले होते. ते परत आलं तेव्हा त्यावर गुण नव्हते. ‘कदाचित’ खोडलेला होता, ‘असावे’ खोडलेलं होतं, आणि समासात: ‘चौकशीवाले म्हणतात, कदाचितवर माणूस कामावर घेता येत नाही.’

मी तरीही आठवडा घालवला. हलवलं मला मोहगावच्या गोदाबाईने. ही बाई शेळ्या पाळायची, आणि ती चळवळीच्या कचेरीत भांडायलाच आली. “तुहा कागद वाचून माह्या शेजारणीनं औषध उकिरड्यावर फेकलं! तिच्या दोन बकऱ्या गेल्या ना बाप्पा.”

“पण औषध खोटं आहे असं तेव्हा...”

“कायचं खोटं? माह्या बकऱ्या लाल मुतल्या! मी त भेलीच. दुबेभाऊले इचारलं त म्हणे, डरो मत माई, दवा लगी है. जंत पडले, बकऱ्या टणटण उड्या मारून राह्यल्या. औषध नसतं त लाल मुतल्या असत्या का? तू एवढा शिकला, एखांद्या गोठ्यात वाकून पाह्यलं असतं त काय तुही टोपी पडली असती?”

त्याच दुपारी मी सौंसरला गेलो आणि बाटली मागितली. मास्तर संत्रं सोलत होता. त्याने धागा काढायचं थांबवून बाटली दिली. “मेण फोडलं का लगेच कर. गप्पा नको मारू मधात.”

बाजार भरला. मी बंडीवर चढलो. पहिल्यांदा जितके जमले होते त्याच्या निम्मेही नव्हते. चूक पाहायला कोण येतो? दोन पेले मांडले. एकात बॅटरीचं पाणी, एकात मास्तरचं ॲसिड. भुकटी एकाच डब्यातली. एकातला रंग आला तसा गेला. दुसऱ्यातला चढला आणि तिथेच उभा राहिला. मी मोठ्याने सांगितलं की चूक माझी होती, औषध खरं आहे, दुबे कंपाउंडर निर्दोष आहे. कदाचित म्हटलं नाही. टाळी नाही, शिवी नाही. एकाने विचारलं, “मंग आमी गोटा कायले मारला?”

मी दुबेला बोलवायला माणूस पाठवला. त्याच्यासमोर, त्याच पायरीवर मला हे पुन्हा सांगायचं होतं. माणूस परत आला. दुबे राजीनामा देऊन आदल्या दिवशीच गेला होता, छिंदवाड्याच्या गाडीने, टपावर ट्रंक आणि सायकल, आत बायको आणि दोघी मुली. शेजाऱ्यांनी थांब म्हटलं तर म्हणाला होता, “कितने दिन रुकें? बच्चियाँ स्कूल नहीं जातीं, सब चूनेवाला-चूनेवाला चिढ़ाते हैं.” त्याला परत घेण्याचा हुकूम नंतर आला. दवाखान्याच्या दाराशी चिकटवून ठेवला होता. पावसात त्याची शाई उतरली तरी न्यायला कोणी आलं नाही.

मी नवं पत्रक छापलं. पाच ओळी, एकही विशेषण नाही. सौंसरला पाठवलं.

मास्तर मागच्या थंडीत गेला. न्यूमोनिया. शाळेत शोकसभा झाली. कोणी म्हणालं ऋषितुल्य, कोणी म्हणालं मायाळू. साफ खोटं. तो मायाळू नव्हता. तो माणूस मला बंडीवर एकटा पाठवून घरी संत्रं खात बसला होता. मराठी राज्याच्या निवेदनावर त्याची सही आजही नाही, आणि त्याचं मला आजही दुःख आहे. त्याच्या वहीतले रकाने कोणी नेले ते शाळेत कोणाला ठाऊक नाही, विचारलं तर शिपाई म्हणाला, रद्दीत. त्या सभेत मी बोललो नाही. बोललो असतो तर लोकांना वाईट वाटलं असतं.

पण ते पाच ओळींचं पत्रक माझ्यापाशी आहे. ते परत आलं होतं. समासात काही नाही, कुठे खूण नाही, एक शब्द खोडलेला नाही. फक्त तळाशी, गोल करून, दहापैकी चार. माझे आजवरचे सर्वांत जास्त. सहा कशाचे कापले ते त्याने लिहिलेलं नाही, आणि मी विचारलंही नाही. ते सहा गुण कोणत्या गाडीने गेले ते मला माहीत आहे.